खोलीतली खोली

प्रोजेक्टरच्या प्रकाशाने जमिनीत अथांग विहीर उघडल्याचा भास देणाऱ्या कलाकामाचा व्हिडिओ मोबाइलवर पाहिला की पोटात गोळा येतो. तेच काम प्रत्यक्ष बघायला जावं तर जमिनीवर विहिरीचं एक मोठं चित्र पडलेलं दिसतं. मग खापर प्रोजेक्टरवर फुटतं: लुमेन (प्रकाशाचं माप) कमी पडले, फोर-के हवा होता, कंटेंट हलका होता. बहुतेक वेळा यातलं काहीच कारणीभूत नसतं. मोबाइल एकाक्ष आहे. त्याला एकच भिंग, आणि कलाकाराने आखून दिलेल्या जागी धरला की तो तिथेच राहतो. बघणाऱ्या माणसाला दोन डोळे असतात, त्यांच्यात साधारण ६.३ सेंमी अंतर असतं आणि त्याची मान क्षणभर स्थिर राहत नाही. व्हिडिओत जे झाकलं जातं ते त्याच्यासमोर उघडं पडतं.

चार भिंतींची खोली आणि विहिरीची खोली, मराठीत दोन्हीला शब्द एकच. प्रोजेक्शनवाल्याला पहिलीत दुसरी आणायची असते आणि घोडं इथेच अडतं, कारण पहिली खोली डोळ्यांना फार अचूक मोजता येते.

किती अचूक, याचा हिशोब सोपा आहे. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत जो कोनाचा फरक असतो, तो एका अंशाच्या १२०व्या भागाइतका असला तरी बऱ्याच जणांना कळतो. त्यावरून कामचलाऊ सूत्र निघतं: अंतर मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि २.३ मिमीने गुणा. तेवढा उंचसखलपणा त्या अंतरावरून डोळ्यांना जेमतेम कळतो. २ मीटरवरून ९ मिमी, ४ मीटरवरून पावणेचार सेंमी, ६ मीटरवरून ८ सेंमी, १५ मीटरवरून अर्धा मीटर, ४० मीटरवरून पावणेचार मीटर. मंद प्रकाशात नजर आणखी ढिली पडते, म्हणजे आकडे आपल्या बाजूने थोडे वाढतात.

या एका सूत्रात पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. जुन्या दगडी इमारतीवर कमानी कोसळताना दाखवतात ते का पटतं? प्रेक्षक ४० मीटरवर आहे, इमारतीच्या खऱ्या छज्जाची खोली अर्धा मीटर, आणि ती सपाट आहे की पुढे आलेली हे दोन डोळ्यांना तिथून सांगताच येत नाही. सावली आणि दृक्‌कोन (लांबचं लहान दिसण्याचा नियम) म्हणतील ते खरं. सोलच्या कोएक्स परिसरात २०२० साली डिस्ट्रिक्ट या स्टुडिओने काचेच्या टाकीत उसळणारी लाट दाखवली होती, तीही अशाच अंतराच्या जोरावर. (ती एलईडी पडद्यावर होती, प्रोजेक्शन नव्हतं, पण डोळ्यांचं गणित तेच.) हीच युक्ती १२ फुटांच्या गॅलरीत आणली तर फसणारच. तिथे प्रेक्षक भिंतीपासून अडीच मीटरवर असतो आणि दीड सेंमीचा फरकही ओळखतो.

म्हणून घरातल्या किंवा गॅलरीतल्या कामात तीन वाटा उरतात. भिंत आहे हेच डोळ्यांना कळू द्यायचं नाही; किंवा भिंतीला खरा उठाव देऊन तो आपल्या बाजूने वळवायचा; किंवा प्रतिमा भिंतीवर पाडायचीच नाही, काचेने दुसरीकडे नेऊन ठेवायची.

भिंतीच्या चहाड्या

पहिल्या वाटेवर भिंतीची चहाडी करणाऱ्या चार गोष्टी आहेत: प्रोजेक्टरचा काळा, चौकटीची कड, पिक्सेलची जाळी आणि भिंतीचा पोत.

सगळ्यात वाईट काळा. प्रोजेक्टरला काळा प्रकाश टाकता येत नाही, त्याला फक्त प्रकाश अडवता येतो आणि थोडा गळतोच. ३००० लुमेनचा प्रोजेक्टर २ मीटर रुंद, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरचं चित्र टाकत असेल तर पांढऱ्यावर सुमारे १,३३० लक्स (दर चौरस मीटरला लुमेन) पडतात. खोक्यावर लाखांचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्या उजेडाचं प्रमाण) छापलेला असला तरी तो बहुधा दिवा मंद करून मोजलेला असतो. खरा २,०००:१ धरला तर 'काळ्या' भागावर ०.६७ लक्स पडतात. पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा हे जास्त आहे. अंधाऱ्या खोलीत ते करड्या आयताच्या रूपात ठळक दिसतं, आणि आयत दिसला की मेंदूने पडदा ओळखलाच. मग आत काहीही दाखवा, तो 'पडद्यावरचं चित्र' हाच अर्थ लावणार.

यावर सॉफ्टवेअरमध्ये कड विरळ करून काही होत नाही, कारण गळणारा प्रकाश चित्राच्या बाहेरच्या काळ्यातूनही गळतो. तो भिंगापुढेच अडवावा लागतो. स्टेज लायटिंगवाल्यांकडे मिळणारी काळी ॲल्युमिनियम फॉइल घ्या, हव्या त्या आकाराचं भोक पाडा आणि भिंगापासून १५-२० सेंमी पुढे स्टँडवर धरा. इतक्या जवळची वस्तू फोकसमध्ये नसते, त्यामुळे भिंतीवर तिची कड आपोआप मऊ पडते, आणि तीच आपल्याला हवी असते. पुठ्ठा वापरू नये; मोठ्या प्रोजेक्टरच्या झोतात तो तापतो. फॉइलने हवेची जाळी झाकली जात नाही ना, तेही बघावं.

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो: खोली पूर्ण अंधारी करू नका. मिट्ट काळोखात ०.६७ लक्स उठून दिसतात. आजूबाजूच्या भिंतींवर सगळीकडून सारखा, ५ ते १० लक्सचा मंद प्रकाश ठेवला आणि फॉइलने कड मऊ केलेली असली तर आयत त्यात विरघळतो. कॉन्ट्रास्ट बराच खाली येतो खरा, पण चित्र थोडं फिकट झालेलं परवडतं, चौकट दिसलेली परवडत नाही. इथे दिग्दर्शकाशी वाद होतो. प्रत्येकाला काळोख हवा असतो.

तिसरा उपाय रंगाचा. पांढरी भिंत ८० टक्के प्रकाश परत फेकते, तो समोरच्या भिंतीवर, छतावर, प्रेक्षकाच्या पांढऱ्या शर्टावर आपटून पुन्हा चित्रावर येतो. भिंतीला ४० टक्के परावर्तनाचा करडा मॅट रंग दिला तर चित्र निम्म्याने मंद होतं, पण परतून येणारा हा कचराही घटतो. लुमेन वाढवून उजेडाची भरपाई करता येते. कचरा काढायला मात्र रंगच लागतो.

पिक्सेलचं गणित असं: २ मीटर रुंदीत १,९२० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल १.०४ मिमीचा. धडधाकट नजरेला तो साडेतीन मीटरच्या आत वेगळा दिसू शकतो. ही जाळी म्हणजे भिंतीला घातलेलं चौकटीचं कापडच. दोन डोळ्यांना जुळवायला आयता पोत मिळतो आणि भिंत नेमकी कुठे आहे ते कळतं. उपाय फुकट आहे: फोकस किंचित बिघडवा. प्रेक्षकाच्या जागी उभं राहून जाळी जेमतेम विरेपर्यंतच, पुढे नाही. धारदार चित्राचा सोस इथे सोडावा लागतो. बारीक तपशील जितके जास्त, तितकी भिंत पक्की होते.

भिंतीच्या पोताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पुट्टी, २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग बारीक स्पंजच्या रोलरने किंवा स्प्रेने मॅट इमल्शनचे दोन हात. जाड रोलरने संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो, तो समोरून चालतो, तिरक्या प्रकाशात चालत नाही. म्हणून अल्ट्रा शॉर्ट थ्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं चित्र टाकणारा प्रोजेक्टर भिंतीला खेटून ठेवायच्या मोहात पडू नये. त्याचा झोत भिंतीवर इतका तिरका येतो की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते.

कोपरा

भिंत लपवण्याचं सर्वांत निर्मळ उदाहरण म्हणजे अमेरिकी कलाकार जेम्स टरेल यांचं १९६६ मधलं 'अफ्रम (व्हाइट)'. खोलीच्या कोपऱ्यात पांढरा प्रकाश, बस. दुरून पाहिलं तर कोपऱ्यात प्रकाशाचा घन तरंगताना दिसतो. जवळ गेलं की दोन भिंतींवर पडलेला उजेड उरतो. वरच्या सूत्राने बघितलं तर हे चालायलाच नको. भिंतींवर ४० सेंमीपर्यंत पसरलेल्या प्रकाशाच्या बाहेरच्या कडा आणि कोपऱ्याची रेघ यांच्यात २८ सेंमीचा खरा फरक असतो, आणि ४ मीटरवरून पावणेचार सेंमीही कळायला हवेत. तरी चालतं, कारण त्या प्रकाशात जुळवण्यासारखं काही नाही. पोत नाही, रेघ नाही, आहेत त्या फक्त बाहेरच्या कडा. याच कोपऱ्यात विटांचा घन दाखवला तर विटेगणिक दोन डोळे भिंत मोजतील.

करून बघायला सॉफ्टवेअरही लागत नाही. प्रोजेक्टर समोरच्या कोपऱ्यात, प्रेक्षकाच्या डोक्यावरून. काळ्या स्लाइडवर पांढरा षट्कोन काढायचा: मधली उभी रेघ (ती काढायची नाही, मनात धरायची) १०० एकक उंच आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या कडा ७५ ते ८० एकक. मधली रेघ बरोबर कोपऱ्यावर बसवायची. खरा कोपरा आत गेलेला असल्यामुळे भिंतींवरच्या आडव्या रेषा कोपऱ्याकडे अरुंद होत जातात. आपला आकार तिथेच सर्वांत उंच आहे. एवढ्या एका विसंगतीवर मेंदू कोपरा आतला बाहेर करून टाकतो.

तरी घन दिसला नाही, तर तीन जागी बघावं. कोपऱ्याची रेघ इतर भागापेक्षा उजळ दिसतेय का? दोन भिंती एकमेकींवर प्रकाश फेकतात, तो कोपऱ्यात सर्वांत जास्त साठतो, आणि ही उजळ रेघ 'मी आत गेलेय' असं ओरडून सांगते. स्लाइडमध्ये मध्यभागी १० ते २० टक्के गडद उतार घालून ती मारावी. मग एक बाजू १५ टक्के मंद करावी, म्हणजे घनाला उजेडाची दिशा मिळते. तिसरं म्हणजे कोपऱ्यातली भेग किंवा पुट्टीची फट; ती भरल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ.

साध्या आकारापलीकडे जायचं तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खोली मोजून उभी करावी लागते. तत्त्व एका वाक्याचं आहे: प्रोजेक्टर जर बरोबर प्रेक्षकाच्या डोळ्याच्या जागी असता, तर पृष्ठभाग कितीही वेडावाकडा असला तरी चित्र सरळच दिसलं असतं. तो तिथे नसतो म्हणून दोन कॅमेरे लागतात. एक प्रेक्षकाचा, जमिनीपासून १५० सेंमीवर. त्यातून हवा तो देखावा रेंडर करायचा आणि 'यूव्ही प्रोजेक्ट' मॉडिफायरने खोलीच्या भिंतींवर चिकटवायचा. भिंतींची जाळी आधी पुरेशी बारीक चिरून घ्यायची, नाहीतर चित्र त्रिकोणांच्या सांध्यावर मोडतं. दुसरा कॅमेरा प्रोजेक्टरच्या जागी: सेन्सर ३६ मिमी असेल तर फोकल लेंग्थ म्हणजे थ्रो रेशो (भिंतीपर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) गुणिले ३६, म्हणजे दीडच्या थ्रोला ५४ मिमी. बहुतेक टेबलावरचे प्रोजेक्टर चित्र भिंगाच्या वर फेकतात, ते विसरलं की सगळं खाली सरकतं. चित्राची खालची कड भिंगाच्या पातळीत असेल तर १६:९ साठी 'शिफ्ट वाय' (कॅमेऱ्याची चौकट वर सरकवणारा आकडा) ०.२८. प्रोजेक्टर छताला उलटा टांगला तर चिन्ह उलटं.

एवढं करूनही चित्र दोनचार सेंमीने चुकतं, कारण कंपनीचा थ्रो रेशो ढोबळ असतो आणि आपली टेपही. तेव्हा आकडे खेचत बसण्यापेक्षा टचडिझायनर या सॉफ्टवेअरच्या 'कॅम-श्नॅपर'सारख्या साधनात खोलीचं मॉडेल टाकून ओळखीचे बिंदू भिंतीवर जुळवावेत. किमान सहा, आणि सगळे एकाच भिंतीवर नकोत. एका प्रतलातल्या बिंदूंवरून प्रोजेक्टरची जागा नीट निघत नाही. प्रोजेक्टर आधी अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावा. थंड असताना जुळवलं तर भिंग तापल्यावर चित्र सरकतं. ऑटो कीस्टोन (तिरकं चित्र आपोआप चौकोनी करणं), ऑटो आयरिस (उजेड आपोआप कमीजास्त करणं), ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा छाटणं) बंद. डिजिटल कीस्टोन तर हातही लावू नये. चित्र दोनदा ताणलं जातं आणि तिरक्या रेषांना दाते पडतात.

आता मुख्य अडचण: प्रेक्षक त्या जागी उभा राहत नाही. रोमच्या संत इग्नाझिओ चर्चमध्ये चित्रकार आंद्रेया पोझ्झो यांनी १६८५ मध्ये सपाट कापडावर घुमट रंगवला, आणि तो घुमट कुठून बघायचा त्याची खूण फरशीत बसवलेली आहे. खुणेवरून हललात की घुमट कलंडतो. साडेतीनशे वर्षांत भूमितीत बदल झालेला नाही. प्रेक्षक भिंतीपासून ३ मीटरवर आहे आणि तो ३० सेंमी बाजूला सरला, तर भिंतीमागे १० मीटर खोल असल्याचं भासवलेला बिंदू खऱ्या जगात भिंतीवर २३ सेंमी सरकायला हवा होता. तो जागचा हलत नाही, म्हणून सोंग उघडं पडतं. तोच बिंदू फक्त २० सेंमी खोल भासवला असता तर चूक दोन सेंमीच्या आत राहिली असती. म्हणून चालत्या प्रेक्षकासाठी कोनाडे, खाचा, फुगवटे, भिंतीतून अर्धवट बाहेर आलेल्या वस्तू दाखवाव्यात. अथांग विहिरी मोबाइलसाठी ठेवाव्यात.

डोक्याचा माग काढून चित्र बदलत नेता येतं. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रुझ-नेरा, डॅनियल सँडिन आणि टॉमस डिफँटी यांनी 'केव्ह' नावाची खोली याच तत्त्वावर दाखवली. पण ते चित्र एकाच माणसाचं असतं. शेजारी उभ्या असलेल्यांना फक्त सरकणाऱ्या भिंती दिसतात. गर्दीच्या कामात हा मार्ग धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटा उठाव

मला विचाराल तर सगळ्यात फायद्याची वाट ही. पॅट्रिक ह्यूज या इंग्रज चित्रकाराने १९६४ पासून अशी चित्रं केली आहेत, ज्यांत बघणाऱ्याकडे सर्वांत पुढे आलेला भाग चित्रात सर्वांत लांबचा म्हणून रंगवलेला असतो. समोर उभं राहिलं तर साधं दृश्य वाटतं. चालायला लागलं की सगळं दृश्य आपल्याबरोबर वळतं. कोपऱ्यातला घन चालल्यावर मोडतो. इथे चालण्याने भ्रम बळावतो. प्रोजेक्शनला याहून सोयीचं काही नाही, कारण दृश्य हलतंही ठेवता येतं.

सुरुवातीला एकच कापलेला पिरॅमिड करा. तळ ६० बाय ५० सेंमी, पुढचा सपाट चेहरा २० बाय १० सेंमी, उठाव २० सेंमी. म्हणजे चारही बाजू ४५ अंशात उतरतात. ५ मिमीचा सनबोर्ड पुरतो, सांधे आतून टेपने आणि बाहेरून पुट्टीने बुजवून मॅट करडा रंग. एमडीएफ किंवा प्लायवूड टिकाऊ वाटतं, पण पावसाळ्यात फुगतं आणि जुळवलेलं चित्र कडेवरून ओघळतं. चित्रात एक लांबट बोळ किंवा सभागृह घ्या: पुढच्या चेहऱ्यावर बोळाचं टोक, बाजूंवर भिंती, छत आणि फरशी. फरशीच्या लाद्या, खिडक्या, खांब, म्हणजे लांब जाताना लहान होणाऱ्या गोष्टी भरपूर हव्यात. इथे तपशील आपल्या बाजूने आहेत, कारण दृक्‌कोनाची साक्ष जितकी मजबूत तितका खरा उठाव दबतो.

४५ अंश का? समोरून येणारा प्रकाश त्या उतारावर ७० टक्केच पडतो आणि पिक्सेल १.४ पट ताणला जातो, इथवर चालतं. ७० अंशाचा कडा केला तर प्रकाश एक तृतीयांश आणि ताण तिप्पट. ४५ लाही पुढचा चेहरा चित्रात ७० टक्क्यांवर आणावा, नाहीतर बोळाचं टोकच सर्वांत उजळ दिसतं आणि पुढे उडी मारतं. लांबची गोष्ट किंचित मंद, किंचित निळसर, किंचित धूसर असावी.

प्रोजेक्टर प्रेक्षकाच्या डोक्यावरून येतो, तेव्हा खालच्या बाजूला मार बसतो. झोत २० अंश वरून असेल तर वरच्या उतारावर ९१ टक्के प्रकाश पडतो, खालच्यावर ४२ टक्केच. म्हणजे बोळाची फरशी काळवंडते. झोताचा कोन १० अंशांवर आणा, किंवा खालची बाजू कमी उताराची करा, किंवा फरशी चित्रात दुपटीने उजळ करा. शेवटचा उपाय सर्वांत सोपा, पण त्यासाठी फरशी आधीच पांढरीशुभ्र नको, वाढवायला जागा हवी.

फोकस उठावाच्या मध्यावर लावा. दीडच्या थ्रोचा साधा प्रोजेक्टर ३ मीटरवर ठेवला तर फोकसच्या पुढेमागे ३० ते ४० सेंमीपर्यंत धूसरपणा एका पिक्सेलच्या आसपास राहतो, त्यामुळे २० सेंमीचा उठाव सहज मावतो. प्रेक्षक अडीच ते तीन मीटरवर हवा. जवळ येत गेलं की एका अंतरावर दोन डोळे जिंकतात आणि बोळ फटकन बाहेर येतो. ते अंतर दोनतीन जणांना चालवून शोधावं आणि त्याच्या अलीकडे दोरी बांधावी.

याचाच भाऊ म्हणजे आत वळलेला मुखवटा. पीओपीचा मुखवटा काढून त्याची आतली, खोलगट बाजू प्रेक्षकाकडे करायची आणि तिच्यावर चेहऱ्याचा व्हिडिओ टाकायचा. चेहरा आत गेलेला असू शकतो हे मेंदू मानतच नाही; तो बाहेर आलेला दिसतो आणि आपण चालू लागलो की वळून आपल्याकडेच बघत राहतो. व्हिडिओत प्रकाश वरून हवा. खालून उजेड घेतला तर उठाव आणि खळगे यांची अदलाबदल होऊ लागते, कारण उजेड वरून येतो हे आपण जन्मभर गृहीत धरलेलं असतं. खोलगट भागात प्रकाश आतल्या आत आपटून चेहरा पांढुरका होतो, म्हणून इथे आणखी गडद, ३० टक्के परावर्तनाचा करडा रंग. आणि मुखवटा उलटा टांगू नये; उलट्या चेहऱ्याला हा भ्रम फार कमी लागतो.

खऱ्या उठावावर त्याचंच चित्र टाकलं तर काय होतं, ते कलाकार मायकल नेमार्क यांच्या १९८० च्या दशकातल्या 'डिसप्लेसमेंट्स'मध्ये दिसतं. एका दिवाणखान्याच्या मधोमध फिरत्या चकतीवर कॅमेरा ठेवून चित्रीकरण केलं, मग सगळी खोली फर्निचरसकट पांढरी रंगवली आणि त्याच चकतीवरून तोच चित्रपट फिरवत टाकला. खुर्च्या, भिंती खऱ्या वाटतात, कारण त्या खरोखर तिथे आहेत. माणसं मात्र भुतासारखी भिंतीवरून ओघळतात. त्यांच्या आकाराचा पृष्ठभाग तिथे उरलेलाच नसतो.

काच आणि धूर

गणपतीच्या देखाव्यांत 'होलोग्राम' म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा १८६२ च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी गाजवलेलं काचेचं भूत असतं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. होलोग्रामशी त्याचा संबंध नाही, पण खोलीच्या दृष्टीने ही युक्ती प्रामाणिक आहे: पडदा काचेच्या पुढे जितका दूर, प्रतिमा काचेच्या मागे तितकीच दूर. दोन्ही डोळे, मान, सगळे तपासून बघा, प्रतिमा खरोखर तिथेच असते. आकृती स्वतः पुठ्ठ्यासारखी सपाट असते, जागा मात्र खरी. म्हणून तिच्या पुढे एक आणि मागे एक खरी वस्तू हवीच, ३०-४० सेंमी अंतर सोडून. रिकाम्या काळ्या पेटीत तरंगणाऱ्या आकृतीला खोली मिळत नाही. मोजायला शेजारी काही नसतं.

४५ अंशांतल्या काचेचे दोन पृष्ठभाग मिळून १० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकतात. उरलेला ९० टक्के वाया, तेव्हा मागची बाजू आकृतीपेक्षा दसपट मंद ठेवावी लागते. एलसीडी मॉनिटर वापरत असाल तर एक खोच आहे: त्याचा प्रकाश ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो, आणि दिशेनुसार परावर्तन १७ टक्के होतं किंवा दोनच. मॉनिटर आडव्याचा उभा केला आणि भूत अचानक गायब झालं, तर केबल तपासत बसू नका.

दुहेरी प्रतिमा हे दुसरं दुखणं. काचेचा पुढचा आणि मागचा पृष्ठभाग वेगवेगळी प्रतिमा देतो आणि त्यांच्यातलं अंतर जाडीच्या पाऊणपट असतं. ६ मिमी काचेत साडेचार मिमी, म्हणजे अक्षरं वाचता येत नाहीत. १०० मायक्रॉनच्या पॉलिएस्टर फिल्ममध्ये ते दिसतच नाही, पण फिल्म चारही बाजूंनी सारखी ताणलेली हवी. ताण कमी पडला तर एसीच्या झोताने देव लाटांवर डोलतो. चौकट एक अंश चुकली की प्रतिमा दोन अंश कलते, तेव्हा डिजिटल लेव्हल वापरा. आणि काळा कोट, काळे केस विसरा: काळा म्हणजे इथे पारदर्शक. फिकट कपडे आणि मागून कडेचा उजेड.

धुराचं तंत्र वेगळं. कलाकार अँथनी मॅकॉल यांच्या १९७३ च्या 'लाइन डिस्क्रायबिंग अ कोन'मध्ये १६ मिमी फिल्मवर एक पांढरा बिंदू ३० मिनिटांत पूर्ण वर्तुळ होतो आणि हवेत प्रकाशाचा शंकू उभा राहतो. तेव्हा गोदामांतली धूळ आणि प्रेक्षकांच्या सिगारेटी पुरायच्या. स्वच्छ संग्रहालयांत यंत्राने धूसर हवा करावी लागते. फॉग मशीन नको, त्याचे ढग दिसतात आणि ढग म्हणजे पोत. पातळ, एकसारखं धुकं सोडणारं हेझ मशीन घ्या, आधी वीस मिनिटं चालवा, एसी आणि पंखे बंद, आणि इमारतीच्या स्मोक डिटेक्टरबद्दल आधीच बोलून ठेवा. धुराचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात, त्यामुळे शंकू प्रोजेक्टरकडे तोंड केल्यावर उजळ दिसतो आणि पाठ केल्यावर विरळ. म्हणून प्रेक्षकांचं दार पडद्याच्या बाजूला असावं, म्हणजे आत येताना तोंड प्रोजेक्टरकडे राहतं. इथेही स्लाइडचा काळा गळला की शंकूच्या पोटात दूध भरल्यासारखं दिसतं, तेव्हा स्वस्त प्रोजेक्टरवर हे काम करू नये.

चाचणी

काम उभं राहिल्यावर आधी एक डोळा मिटून, मान स्थिर ठेवून बघा. तरीही सपाट दिसत असेल तर चूक चित्रात आहे: सावल्या, दृक्‌कोन, उजेडाची दिशा. एका डोळ्याला दिसतं पण दोन उघडल्यावर मरतं, तर भिंत चहाडी करतेय. काळा, कड, पिक्सेल, पोत या क्रमाने शोधा, किंवा प्रेक्षकाला मीटरभर मागे न्या. दोन डोळ्यांना दिसतं पण मान हलवली की मरतं, तर खोटी खोली जास्त झाली. ती कमी करा किंवा उठाव उलटा करा. मग डोळ्याची उंची १५० सेंमी नसलेल्या दोघांना बोलवा, एक शाळकरी पोर आणि एक उंच माणूस. जमिनीवर खड्डा दाखवत असाल तर एखादी आजीही, आणि तिच्या हाताशी कठडा. फोटो सगळ्यात शेवटी. आधी काढला तर तो चांगलाच येतो, आणि मग कुणी काही दुरुस्त करत नाही.